पाहुण्यांचा धबधबा

वरच्याला खूश करायचं म्हटलं की खालच्याकडे बघायचं राहून जातं. ही खोड कचेऱ्यांतून आहे, घरांतूनही आहे. जव्हार संस्थानात, मोखाड्याच्या कचेरीत मधु नावाचा कारकून होता. त्यालाही ती होती.

फाल्गुन लागला होता. मुंबईचे एक बडे पाहुणे सूर्यमाळच्या रानातला धबधबा बघायला येणार, असा निरोप आला. आता फाल्गुनात धबधबा कुठला? करंगळीएवढी धार उरलेली. अंमलदार कपाळाला हात लावून बसले. तेव्हा मधुनेच तोड काढली.

"वर दगडमाती घालून पाणी अडवू. तीन दिवस साठू द्यायचं. पाहुणे समोर बसले की मी उपरणं हलवीन, वरचे गडी बांध फोडतील. पाहुणे बघतच राहतील!"

"शाबास!" अंमलदार म्हणाले.

ठरल्या दिवशी पाहुणे पत्नीसह डोलीतून उतरले. समोरचा कडा कोरडा ठणठणीत. वर बांधावर ढवळू आणि चार गडी पहारी घेऊन इकडेच डोळे लावून होते. मधुने खांद्यावरचं उपरणं हातात घेतलं. इतक्यात पाड्यावरची म्हातारी गौराबाई धापा टाकत आली.

"थांब, कारकूनदादा! आमच्या पाड्याची सुकरी कड्याखालच्या कुंडात उतरलीय."

"कुंडात? कशाला?"

"कशाला इचारतोस? तीन दिस पाणी अडवलंस तू. तळाला डबकं उरलंय, करवंटीनं मडकं भरतेय. पोरं तहानेली हायेत."

"हाक मार की तिला!"

"मारल्या. कपारीत ऐकू जात नाय."

अंमलदार दातओठ खात पुटपुटले, "मधु, पाहुणे ताटकळलेत. हलव!"

"खाली बाई आहे, रावसाहेब."

"बघेल ती आपलं. हलव म्हणतो ना!"

गौराबाईने मधुचं मनगट धरलं. "गेल्या साली तुझी बायको गेली. घर कसं झालं रे तिच्या मागं?"

मधुच्या डोळ्यांपुढे घरच्या चुलीपुढचा तिचा रिकामा पाट आला. वर्ष झालं, त्याने तो उचलला नव्हता.

"ढवळू सुकरीचा नवरा," म्हातारी म्हणाली. "ती खाली हाय हे त्याला ठावं नाय. त्याच्याच हातनं मारवतोस तिला?"

अंमलदारांनी उपरण्याला हात घातला. मधुने ते हिसकावून घेतलं. उपरणं हललेलं बघून वर ढवळूने पहार उचलली! मधुने उपरणं गोळा करून बंडीत कोंबलं आणि दगडासारखा उभा राहिला. क्षणभराने पहार खाली टेकली.

"खबरदार!" मधु ओरडला. "कुणाचंही फडकं हाललं तर खाली माणूस मरेल! पाहुणेसाहेब, हा धबधबा खोटा आहे! पाणी मी अडवलंय!"

पाहुण्यांच्या पत्नी दचकून उभ्या राहिल्या. मधु घसरत, खरचटत खाली उतरला. सुकरी कपारीत वाकलेली होती.

"मडकं अर्धंच झालंय," ती चिडून म्हणाली. "आता हितनं बी उठवतोस?"

"वर चल, बाई. मग हवं तेवढं भर."

ती वर आल्यावर त्याने गड्यांना बांधाचा एकेक दगड काढायला लावला. पाणी सावकाश उतरलं. पाड्यावरच्या बाया मडकी घेऊन धावल्या. पाहुणे बराच वेळ बघत होते. निघताना एवढंच म्हणाले, "आमच्यासाठी पुन्हा पाणी अडवू नका."

अंमलदार महिनाभर मधुशी बोलले नाहीत. मधुला त्याचं काही वाटलं नाही. ढवळूच्या घरची चूल पेटत होती.

बंधूंनो, पाहुण्याचा मान जरूर राखावा. पण त्यासाठी हात उचलण्याआधी खाली कोण आहे, ते वाकून बघावं. तेही कुणाच्या तरी घरचं माणूस असतं.