राहिलेली जोडी

चारुताच्या आईला, उमाबाईंना, मॉर्फिन लागू पडेनासं झालं होतं. आणि चारुताच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांना तेच मॉर्फिन रोज नव्यासारखं लागू पडत होतं. दैवाची थट्टा म्हणतात ती ही. औषध रोज दिलं की पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे तिचा कानच म्हणा, हळूहळू बधिर होतो. ज्या प्रथिनामुळे तो बधिर होतो, त्याचं जनुकच या नॉकआऊट उंदरांमधून काढून टाकलेलं होतं. आईचा कर्करोग हाडांत उतरल्यापासून चारुता या उंदरांना जिवापाड जपत होती. यातून कधीतरी जुनं न होणारं औषध निघेल, आईला नाही तर दुसऱ्या कुणाच्या आईला, एवढीच तिची आशा होती.

पण साल दुष्काळाचं. शहर चहूकडे फुगत चाललेलं आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. संस्थेचा टँकरही बंद झाला तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "उंदीर कमी करा." कमी म्हणजे सगळेच. चारुताने रडत रडत त्यांना जीव घेणाऱ्या गॅसच्या पेटीत घातलं. एक जोडी मात्र तिने अडगळीच्या खोलीत लपवली आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिला ठेवलं. वंश तेवढा राहावा! घरी ती यातला चकार शब्दही बोलली नाही.

संध्याकाळी गारखेड्याला घरी आली, तर आई चक्क हसत होती. कित्येक दिवसांत त्या खोलीत कण्हण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता.

"तुझे उंदीर आलेत गं," आई म्हणाली. "दुपारपासून इथं पायाशी बसलेत. ऊब लागली तशी पायातली कळ थांबली बघ."

चारुताने वाकून पाहिलं. पायाशी नुसती चादर होती. या औषधाने भास होतात, हे तिने स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलं होतं.

"दोघं यायचेत म्हणतात अजून," आई चादरीकडे बघत म्हणाली. "ते आले की कमरेतलीपण जाईल."

भूतबित सगळं थोतांड, असं छातीठोकपणे सांगणारी बाई चारुता! पण त्या जोडीचं तिच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. रात्रभर ती तळमळत राहिली, आणि शेजारी आई मात्र लहान मुलासारखी झोपली होती.

सकाळी चारुताने अडगळीच्या खोलीतला पिंजरा उघडला. मादी गाभण होती. ती आपणहून तिच्या तळहातावर चढली. चारुताला स्वतःची शिसारी आली, पण आईचं ते हसणं डोळ्यांसमोरून हलेना. जोडीला आत ठेवून तिने गॅसच्या पेटीचं झाकण लावलं.

धावतपळत ती घरी आली. जिना चढायला लागली आणि वर आईची किंकाळी ऐकू आली.

"आई, आले ना ते दोघं?"

"आले होते." आईला धड बोलवत नव्हतं. "जिन्यात तुझी पावलं वाजली, तसे सगळेच पळाले गं."

चारुताने तिचे पाय चेपायला हात पुढे केले. आईने पाय आखडून घेतले.