गुडघ्याचा सत्कार

मांडवगण फराट्याच्या भिमाजीचा उजवा गुडघा उसाच्या ट्रॉलीवरून उतरताना निखळला. मांडी एकीकडं, नडगी दुसरीकडं. गावात हाडं बसवणाऱ्या नवनाथनं एक हिसका दिला, खट्ट आवाज झाला आणि पाय सरळ. जमलेल्यांना हे एवढं भारी वाटलं, की सरपंच रविराजनं तिथंच, ग्रामपंचायतीपुढं, नवनाथचा सत्कार ठरवला. शाल आली, नारळ आला, माईक आला. भिमाजीलाही वर बसवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून. गुडघा मागच्यांना दिसला पाहिजे.

भाषण सुरू झालं. भिमाजीनं वाकून पावलाला हात लावला. पाऊल पांढरं पडलेलं आणि गार.

"रविराज, पाय गार पडलाय."

"थंडीचे दिवस हायेत, आबा," रविराज माईकवरूनच म्हणाला. "मोजा आणा रे कुणीतरी!"

कुणाच्या तरी शाळेचा पांढरा मोजा आला. तो चढवला, तरी पाऊल गारच. चिमटा काढला, तर बोटांना पत्ता नाही. हा गारवा भिमाजीच्या ओळखीचा होता. मागच्या पावसाळ्यात त्याची बायको कस्तुराबाई गेली, तेव्हा तो तिची पावलं चोळत बसला होता. चोळून ऊब येत नाही, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

"भाषण थांबव! माझा पाय मरायला लागलाय!"

"दोनच शब्द राहिलेत. त्याबिगर शाल कशी घालायची?"

"मलाच घाल मग! मढ्यावर घालत्यात तशी!"

तेव्हा कुठं जीप निघाली. दौंड येईपर्यंत रविराज पुढच्या सीटवरून ते दोन शब्द बोलत होता, आणि नवनाथ नारळ मांडीवर घेऊन ऐकत होता.

दवाखान्यात डॉक्टर समृद्धींनी पावलावर बोटं ठेवली. नाडी लागेना. मशीन लावलं, तेही गप्प.

"हाड छान बसलंय," त्या म्हणाल्या.

"म्हंजी सत्कार बरोबरच व्हता," नवनाथ म्हणाला.

"पण गुडघ्यामागची रक्तवाहिनी फाटलीय. खाली रक्तच जात नाही. आत्ता ऑपरेशन केलं नाही, तर पाय कापावा लागेल. डाव्या पायातली शीर काढून इथं जोडू."

"डाव्यानं काय केलंय?" भिमाजीनं विचारलं.

"काही नाही. त्याचं एका शिरेवाचून अडत नाही."

"आता डाव्याचाबी सत्कार घ्यावा लागंल," रविराज म्हणाला. भिमाजीनं त्याच्याकडं बघितलं नाही. "कापू नका, मॅडम," एवढंच तो म्हणाला आणि आत गेला.

तो शुद्धीवर आला तो बोंबलतच. पायात कुणी निखारे भरल्यासारखी कळ येत होती. त्यानं रविराजच्या तीन पिढ्या काढल्या. शेजारच्या खाटेवरचा पेशंट कानावर उशी धरून म्हणाला, "ओ, आप्पा, जरा हळू!"

डॉक्टर समृद्धी पळत आल्या. पावलाला हात लावला, तर ते ऊबदार. "अंगठा हलवा बघू."

अंगठा हलला. भिमाजी आणखी जोरात ओरडला.

"कुठपर्यंत दुखतंय?"

"पार शेवटच्या बोटापर्यंत, मॅडम! शेवटच्या बोटापर्यंत!"