मागे वायर नसलेले बटण

मित्रांनो, मी एक जुने बटण आहे. कशाचे, ते मात्र मला आजही नीट सांगता येणार नाही. तुम्ही माझी हकीकत ऐका आणि काही उलगडलेच तर मला सांगा.

एका लाल, बुटक्या, दोनच माणसांच्या स्पोर्ट्स कारमध्ये, दोन आसनांमधल्या पट्टीवर आम्ही चार बटणे ओळीने बसलो होतो. कारखान्यात आमच्या अंगावर रबरासारखा मऊ काळा लेप चढवला होता. पहिल्या बटणावर खिडकीच्या काचेचे चित्र, दुसऱ्यावर दिव्याचे, तिसऱ्यावर पंख्याचे. मी चौथा, आणि माझी पाटी कोरी. पंख्याचे बटण मला उठसूट विचारायचे, की तू इथे नेमका करतोस काय? मालकांनी मला कधी बोटसुद्धा लावले नव्हते.

मालक हौशी माणूस. गाडी हातात आली की त्यांच्या अंगात वारे शिरायचे. त्यांची आठ वर्षांची लेक शेजारी बसायची आणि वेग वाढला की डोळे गच्च मिटून घ्यायची. एके दिवशी तिने रडत विचारले, की गाडी हळू करायचे बटण नसते का. मालक जरा घुटमळले आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"हे बघ. भीती वाटली की हे दाबायचं."

तिने दाबले, आणि मित्रांनो, गाडी खरोखरच हळू झाली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पंख्याच्या बटणाने त्या दिवसापासून तो प्रश्न विचारणे सोडले. त्यानंतर ती मला कितीदा तरी दाबायची, कधी भीतीने, कधी नुसती गंमत म्हणून, आणि दर वेळी गाडी हळू व्हायची. एक गोष्ट तेवढी कळेना. दाबले की शेजाऱ्यांच्या पाठीत टिक्क व्हायचे, माझ्या पाठीत काहीच होत नसे. पण काम होते आहे ना, मग उगाच कशाला डोके शिणवा, म्हणून मी तो विचार सोडून दिला.

वर्षे गेली. उन्हात उभे राहून राहून आमचा लेप पाघळू लागला आणि आम्ही चौघे चिकट झालो. गोड खाऊन हात पुसत नाहीस, म्हणून मालकांनी लेकीला फैलावर घेतले. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. मग त्यांनी आमच्यावर पावडर थापली आणि आमचा राखाडी चिखल झाला. काचेच्या बटणाला त्यांनी नेलपॉलिश काढायचे पाणी लावले, तर त्या बिचाऱ्याचे तोंडच वितळले. पुढे मालक आजारी पडले, त्यांचे हात थरथरू लागले, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. गाडीवर कापड पडले ते कित्येक वर्षांसाठी.

मागच्या महिन्यात लेकीने ते कापड काढले. बाबांना पुन्हा या गाडीतून फिरवून आणायचेच, असे तिने मनावर घेतले होते. गाडी सुरू झाली, पण आम्हाला हात लावताच तिने तोंड वाकडे केले आणि गाडीसकट आमची रवानगी एका कारागीर बाईंकडे झाली. बाईंनी प्लास्टिकच्या पातळ पट्टीने आम्हाला अलगद उचकटले. मऊ फडक्यावर स्पिरिट घेऊन त्या आम्हाला दुपारभर पुसत बसल्या. लेप काजळासारखा निघत गेला आणि खाली टणक, स्वच्छ प्लास्टिक लागले. त्यावर रंगाचा पातळ हात फिरला, शेजाऱ्यांना नवी चित्रे मिळाली. मग त्यांनी मला उलटे केले आणि त्यांना हसू फुटले.

"ताई, हे खोटं बटण आहे. मागे वायरच नाही. भोक झाकायला बसवतात."

लेक म्हणाली, ते गाडी हळू करायचे बटण आहे. म्हणाली, आणि मग बाबांवर चिडलीच. बाईंनी सुचवले, की हे काढून तिथे मोबाइल चार्ज करायची सोय करता येईल, सामान पुढच्या आठवड्यात येईल. लेक घुश्शात हो म्हणाली. माझी जागा रिकामी राहिली आणि मला एका उघड्या डबीत टाकून गाडीच्या पुढच्या काचेपाशी ठेवण्यात आले. मी खोटा कसा?

दुसऱ्या दिवशी मालक लेकीच्या शेजारी बसले. थोडे अंतर गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, त्या बटणाला वायरच नव्हती."

"नव्हती," मालक म्हणाले. "तू दाबलंस की मी पाय उचलायचो."

"आणि असं बटण असतं म्हणून मी कॉलेजात भांडले होते."

मोकळा रस्ता लागला. लेक बापावरच गेलेली, त्यात रागावलेली. काटा भराभर चढू लागला. मालकांनी पाय घट्ट रोवले, पण जन्मभर गाडी पळवलेल्या माणसाला 'हळू चालव' म्हणायची लाज वाटत होती. त्यांचा थरथरता अंगठा पट्टीवरून सरकत आला, माझी जागा चाचपत राहिला आणि त्या रिकाम्या भोकावर दाबला गेला.

लेकीने ते पाहिले. गाडी हळू झाली.

तिने गाडी कडेला घेतली, मला डबीतून उचलले आणि जागेवर बसवले. तिचे डोळे भरून आले होते.

"आता दाबा, बाबा."

मित्रांनो, मी तर डबीत पडलो होतो. मग गाडी हळू कोणी केली? पंख्याचे बटण म्हणते, तिने पाय उचलला, त्यात एवढे काय. मला ते पटते आणि पटतही नाही. मी आता माझ्या जागी आहे. मालक मला दाबतात, गाडी हळू होते, आणि पाठीत अजूनही काहीच होत नाही.

माझे मागणे एवढेच. चिकट झालेल्या बटणांवर पावडर थापू नका. आणि गाडी पळवताना शेजारी बसलेल्या माणसाचा अंगठा कुठे जातो, तिकडे जरा लक्ष असू द्या.