तीन घोगरे आवाज

माझ्या हातात सुरी देऊ नये, असं माझ्या मुलाचं मत आहे. मागच्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून माझं डावं मनगट मोडलं. ते जुळलं, जरा वाकडंच जुळलं, घट्ट झाकण फिरवताना कळ येते. तेवढ्यावरून चिरंजीवांनी मला थेट काचेच्या भांड्यांत नेऊन बसवलं. "आमच्याकडे राहायला ये. लिफ्ट आहे, तुला स्वतंत्र खोली आहे." मी म्हटलं, मला स्वतंत्र घर आहे, खोली घेऊन काय करू?

बत्तीस वर्षं मी टेलिफोन ऑपरेटर होते. समोरचा माणूस बसून बोलतोय की येरझाऱ्या घालत, हे मला आवाजावरून कळतं. मुलगा "तुझ्यासाठीच म्हणतोय गं" म्हणाला ना, तेव्हाच कळलं की घराबद्दल त्याचं बाहेर कुणाशी तरी बोलणं झालंय. पुढच्याच आठवड्यात जाऊन बदकाची आठ पिल्लं घेऊन आले.

त्याला डिवचायला आणली, असं सूनबाईला वाटलं. अगदीच खोटं नाही. पण मागच्या अंगणात गोगलगायींनी माझा कोबी दोनदा चाळणीसारखा करून ठेवला होता, हेही खरं आहे. बदक गोगलगाय खातं, अंडं देतं आणि स्वतःही खाता येतं. एवढ्या उपयोगाचा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

बदकवाल्याने विचारलं होतं, "अंड्यांसाठी हवीत की मांसासाठी?"

"दोन्हींसाठी."

"मग तुम्हाला ठरवावं लागेल. पांढरी जाडी घेतलीत तर दोन महिन्यांत पातेलं भरतील, पण अंड्यांचा आनंदच. ही तपकिरी सडपातळ आहेत, अंगावर मांस बेताचं. पण मादी एकदा अंड्यावर आली की जवळजवळ रोज अंडं."

मी तपकिरी घेतली. एका दिवसाच्या पिल्लात नर कुठला, मादी कुठली, हे त्यालाही सांगता येईना. मी म्हटलं, सहा आठवडे थांबा, माझी मी ओळखते. तो हसला. माझ्या नोकरीची त्याला कल्पना नव्हती.

पिल्लांना नावं ठेवली नाहीत. पायात रंगीत कड्या घातल्या आणि त्यांवर एक्सचेंजमधल्यासारखे नंबर लिहिले, एकशे एक ते एकशे आठ. टब दिला, तोही डोकं पूर्ण बुडेल एवढा खोल, कारण बदकाला डोळे धुवायला मिळाले नाहीत तर ते चिकटतात. तिसऱ्या दिवशी अंगणाचा चिखल झाला. मुलगा आला, मागच्या दारात बूट सांभाळत उभा राहिला, फोनमध्ये बघत म्हणाला, "हे काय करून ठेवलंस?" उंबऱ्याच्या पुढे पाऊल टाकलं नाही त्याने.

सहाव्या आठवड्यात आवाज फुटले. बदकात उलटं असतं. ठणठणीत, गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडते ती मादी. नराचा आवाज बसलेला, घोगरा, सर्दी झालेल्या साहेबासारखा. एक दिवस मी खुराड्यापाशी स्टूल टाकून डोळे मिटून बसले आणि एकेकाला उचलून ऐकलं. एकशे तीन, एकशे सहा, एकशे सात. तीन घोगरे, पाच ठणठणीत. अंड्याला नर लागत नाही, आणि पाच माद्यांमागे तीन नर ठेवले की ते माद्यांच्या मानेची पिसं उपटून त्यांना हैराण करतात. म्हणजे तिघं पातेल्यातले.

हे मी रविवारी मुलगा-सून आले तेव्हा जेवताना सांगितलं, आणि तिथेच ठिणगी पडली.

"कापणार कोण?" मुलगा म्हणाला.

"मी."

"आई, काहीतरीच काय! त्या हाताने? आणि हात सोड, तुझ्याच्याने बघवणार तरी आहे का? झुरळ मेलं तरी तू हळहळतेस."

"हळहळते. मग?"

"मग काय, नाही जमणार तुला." त्याने चमचा खाली ठेवला. "असं करू. तू माझ्यासमोर एक कापून दाखव, मी घराचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर बदकं देऊन टाकायची आणि मुकाट्याने आमच्याकडे यायचं. कबूल?"

सूनबाई म्हणाली, "अहो, असं काय बोलता आईंशी?"

"कबूल," मी म्हटलं. रागाने माझे कान तापले होते. ज्या पोराला मी एका हाताने आंघोळ घालून दुसऱ्या हाताने ड्यूटीचा डबा भरला, तो माझी परीक्षा घेणार! बरं, घे.

तारीख त्याने ठरवली, दोन महिन्यांनंतरची. मग ऑफिसचं काहीतरी निघालं, ती पुढे गेली. मग पुन्हा पुढे गेली. पण बदकाला त्याच्या ऑफिसशी काय करायचंय? बदक सोलण्याचे दिवस असतात. छातीवरची पिसं उलटी चोळून बघायची. खाली कोवळे खुंट दिसले तर थांबायचं, नाहीतर चिमट्याने एकेक उपटताना दिवस जातो. तेरा आठवड्यांची झाली तेव्हा तिन्ही नरांची कातडी स्वच्छ निघाली. आठ-दहा दिवस हातात होते. नंतर पुन्हा खुंट फुटले असते.

मी नाक्यावरच्या खाटकाकडे गेले. माझं मनगट त्याला दाखवलं आणि म्हटलं, एका हाताने कसं करायचं ते सांगा. तो माणूस हसला नाही. त्याने पाण्याच्या मोठ्या कॅनचा तळ कापून, तोंड रुंद करून दिलं. म्हणाला, "हे भिंतीला ठोका. पक्षी वरून उलटा सोडायचा, मान खालून बाहेर येते. पंख आवळलेले राहतात, धरायला दुसरा हात लागत नाही. सुरी मात्र मी लावून देईन ती वापरा. बोथट सुरीने पक्ष्याला त्रास होतो."

शनिवारी सकाळी मी एकशे तीनला उचललं. छातीशी धरून अंगण ओलांडलं. तो घोगऱ्या आवाजात काहीतरी बोलत होता. कॅनमध्ये सोडल्यावर गप्प झाला. सुरी उजव्या, चांगल्या हातात घेतली. मी एकदा श्वास घेतला आणि केलं. एका फटक्यात झालं. मग मी पायरीवर बसले आणि रडले. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि न जमणं वेगळं, हे माझ्या मुलाला कुणी शिकवलं नाही, त्यात माझीही चूक असेल. डोळे पुसले, गरम पाण्यात साबणाचा थेंब टाकला, कारण नुसतं पाणी बदकाच्या पिसांत शिरत नाही, आणि सोलायला बसले. तासाभरात स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी रविवार. मुलगा आणि सून जेवायला येणार होते. मी ठरवलं होतं, तो मागच्या दारात जाईल, बघेल, विचारेल, मग सांगू. तो गेलाही. दारात उभा राहिला, फोन बघितला, परत आला. बटाटे घालून शिजवलेलं बदक दोनदा वाढून घेतलं त्याने. "मस्त झालंय. कुठून आणलंस?"

"ओळखीतलं आहे," मी म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी उरलेले दोघं. एक खाटकाला दिला, एक रविवारी पुन्हा ताटात. आठाची पाच झाली, एवढ्या मोठ्या अंगणात पाच. त्याला काही दिसलं नाही. आता मला राग नव्हता, वाईट वाटत होतं. मी म्हटलं, बघू या किती दिवस दिसत नाही. महिना गेला, दीड महिना गेला. दर रविवारी यायचा, माझ्या मनगटाकडे बघायचा आणि मान हलवायचा.

शेवटी त्याचा परीक्षेचा दिवस उजाडला. बदकं पाच महिन्यांची झाली होती. दोघं आले आणि सोबत एक तिसरा गृहस्थ, हातात मोजायची टेप. घरं विकून देणारा एजंट. मुलाने माझ्या नजरेला नजर न देता सांगितलं, "सहज आलेत, नुसतं बघायला."

निकाल आधीच लागलेला, पेपर नंतर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एजंटने स्वयंपाकघराची भिंत मोजायला टेप काढलीसुद्धा.

"चल," मी मुलाला म्हटलं. "मागे चल. आज बूट खराब होतील, इलाज नाही."

तो चिखलात उतरला. सूनबाई मागोमाग आली, एजंट दारात थांबला. बदकं कोबीच्या वाफ्याकडून ठणठणत आली.

"धर एक," मी म्हटलं. "तूच निवड."

त्याने चाचपडत एकीला पकडलं. ती त्याच्या कानाशी अशी काही ओरडली की त्याने मान मागे घेतली.

"ही मादी आहे. एकशे पाच. आज सकाळी हिने पहिलं अंडं दिलंय, आत ओट्यावर ठेवलंय. दुसरं धर. नर आण."

त्याने दुसरीला पकडलं. ती ओरडली. तिसरीही ओरडली. तो चिडला. "आई, मला काय कळणार यातलं? नर कुठाय?"

"मोज."

"काय?"

"मोज ना. शिकलेला आहेस."

त्याने बोट नाचवत मोजलं. मग पुन्हा मोजलं. कड्यांवरचे नंबर वाचले. एकशे एक, दोन, चार, पाच, आठ. त्याची नजर भिंतीवर ठोकलेल्या कॅनवर गेली, मग माझ्यावर आली.

"कधी?"

"दोन महिने होत आले. त्यातल्या दोघांची चव तुला आवडली. दोनदा वाढून घेतलंस."

तो सूनबाईकडे वळला. तिने पदराआड हसू लपवलं नाही. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या पहिल्या रविवारीच मोजली होती मी. आठाची सात. आई स्वतः सांगतील म्हणून गप्प बसले."

"तू माझ्यावर लक्ष ठेवायला दर रविवारी येतोस," मी मुलाला म्हटलं. माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "माझा हात बघतोस, माझी पायरी बघतोस, मी गोळ्या घेतल्या का विचारतोस. आणि माझ्या मागच्या दारासमोरची तीन जिवंत जनावरं नाहीशी झाली ती तुला दिसली नाहीत. माझ्याकडे बघ एकदा नीट. हाताकडे नको, माझ्याकडे."

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. त्याच्या बुटांत पाणी शिरलं होतं आणि एकशे आठ त्याची लेस ओढत होती.

"त्रास नाही झाला तुला?" तो हळू म्हणाला. या वेळी आवाजात दुसरं काही नव्हतं, नुसता प्रश्न होता. बत्तीस वर्षांच्या कानाला तेवढं कळतं.

"झाला. रडले. मग सोलायला बसले."

एजंट दारातून खाकरला. "मग मी निघू का? की आतलं माप..."

"थांबा की," मी म्हटलं. "टेप आणलीच आहे तर खुराडं मोजून द्या. भिंतीपासून या खांबापर्यंत. वाढवायचंय, आणखी आठ आणणार आहे मी."

एजंटने मुलाकडे बघितलं. मुलगा चिखलातून चालत गेला, टेपचं टोक त्याच्या हातातून घेतलं आणि खांबाला लावून धरलं.

"वर धर," मी म्हटलं. "वाकडं मोजलंस तर पुन्हा मोजायला लावीन."