चाळीस नंबरचं तेल

"कंपनी कुठलीही घाला हो, इंजिनाला वाचता येत नाही," मास्तर म्हणाले आणि गिऱ्हाइकाच्या हातातला चकचकीत डबा उलटा करून त्यांनी मागची बारीक अक्षरं दाखवली. "हा नंबर बघायचा. पुढचं चित्र नाही."

गिऱ्हाईक पोस्टात कारकून होतं आणि पाहुण्यांचं फार ऐकणारं होतं. "पण माझा मेव्हणा म्हणतो, तो हीच कंपनी वापरतो."

"मेव्हण्याची गाडी कुठंय?"

"दुरुस्तीला दिलीय."

मास्तरांनी पुढे काही विचारलं नाही. गॅरेज चालवून त्यांना एकतीस वर्षं झाली होती आणि समोरच्याला स्वतःचं उत्तर ऐकू येईपर्यंत गप्प बसायचं, ही त्यांची शिकवायची पद्धत होती. मास्तर हे नाव त्यावरूनच पडलं होतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण ते तेलाच्या जाहिरातींसाठी राखून ठेवत. नंबर तोच, दर्जाचा शिक्का तोच आणि तेल वेळच्या वेळी बदललेलं, मग डब्यावर कुणाचंही नाव असो. यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

चुकत होतं ते दुसरीकडे. तेल जितकं जाड तितकं इंजिन सुखी, असं त्यांना वाटे. हा समज त्यांना कधी कुणाला बोलून दाखवावा लागला नाही, त्यामुळे कुणी खोडूनही काढला नाही. जुन्या गाड्यांनी तर तो निमूटपणे खरा ठरवला होता.

पोस्टातला कारकून गेला तशी भाची आली. ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची. नवी व्हॅन घेऊन तिला वर्ष होत आलं होतं आणि तिचं तेल मास्तरच बदलत. गेल्या आठवड्यात इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली, म्हणून मास्तरांनी तेल काढून टाकलं होतं, वरचं झाकण उघडलं होतं आणि पुन्हा लावून ठेवलं होतं. आत काय दिसलं ते त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. दोन दिवस मूग गिळून बसले होते.

"मामा, चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "शोरूमवाले म्हणतात, बाहेरचं तेल घातलं म्हणून इंजिन गेलं. मी म्हटलं, माझ्या मामासमोर बोला काय ते. तुमचा जन्मही झाला नसेल तेव्हापासून, एकतीस वर्षं इंजिनं उघडतोय तो माणूस."

मास्तरांनी हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

शोरूमच्या काचेच्या खोलीत एक तरुण इंजिनिअर बसला होता. मास्तर भांडायच्या तयारीने गेले असते तरी त्याच्याशी भांडण जमलं नसतं, इतका तो नम्र होता.

"काका, कंपनीबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही," तो म्हणाला. "कुठलीही चालते. फक्त नंबर. या इंजिनातल्या फटी अगदी बारीक आहेत. वीस नंबरचं पातळ तेल असेल तरच ते सकाळी सुरू केल्याबरोबर वर पोचतं. जाड असेल तर वरचा शाफ्ट तेवढा वेळ कोरडाच फिरतो." त्याने एक फॉर्म पुढे सरकवला. "इथे नंबर लिहा आणि सही करा. वीस असेल तर इंजिन आम्ही बदलून देऊ."

"लिहा मामा," भाची म्हणाली. "दुसरं काय असणार?"

जुनं तेल कधीच भंगारात गेलं होतं. तपासायला थेंब शिल्लक नव्हता. वीस लिहिलं असतं तर नवं इंजिन मिळालं असतं, भाचीची व्हॅन आठवड्यात रस्त्यावर आली असती आणि मास्तरही सहीसलामत सुटले असते. मास्तरांना हे सगळं कळत होतं. शाफ्टवरचे ओरखडेही त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी चाळीस लिहिलं. खाली सही केली.

बाहेर पार्किंगमध्ये भाची त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "गाडीच्या पुस्तकात वीस होतं. मी तुम्हाला विचारलंही होतं."

"विचारलं होतंस."

"तुम्ही म्हणालात, पाण्यासारखं तेल विकायचे धंदे आहेत."

"म्हणालो होतो."

"आत तरी..." ती थांबली. खोटं का लिहिलं नाहीत, हे मामाला विचारणं तिला जमेना. लहानपणी खोटं बोलल्याबद्दल तिने याच मामाच्या हातचा मार खाल्ला होता.

"इंजिन मी करून देतो," मास्तर म्हणाले. "तोवर दुसरं काम हातात घेणार नाही."

अकरा दिवस लागले. शाफ्ट नवा आला, झडपा नव्या बसल्या. गॅरेजचं अर्धं शटर खालीच असायचं. तेवढ्या दिवसांत भाचीच्या चौदा मुलांपैकी पाच मुलं दुसऱ्याच्या गाडीने जायला लागली. ती रोज येऊन बघून जायची, पण पूर्वीसारखी स्टुलावर बसायची नाही.

बाराव्या दिवशी मास्तरांनी वीस नंबरचं तेल ओतलं. ते इतकं पातळ होतं की नरसाळ्यात टिकतच नव्हतं. डबा रिकामा होईपर्यंत ते त्या धारेकडे बघत राहिले. भाचीने व्हॅन सुरू केली. इंजिनाचा आवाज कानावर येऊ नये इतका बारीक होता.

"छान झालंय," ती म्हणाली. खरंच छान झालं होतं. मग तिने स्टिअरिंगकडे बघत सांगितलं, "पुढची सर्व्हिसिंग मी तिकडेच करून घेईन, मामा."

"कर," मास्तर म्हणाले. "त्या मुलाला कळतं."

त्यांनी बॉनेट खाली घेतलं आणि नीट बसलंय ना, हे दोन्ही हातांनी एकदा दाबून बघितलं. मग गाडी मागे घ्यायला तिला जागा व्हावी म्हणून बाजूला झाले.