शटल आत की बाहेर

टिकलीचे बाबा आणि आत्या एरवी एकमेकांवर जीव टाकणारी भावंडं. पण बॅडमिंटनच्या त्या एका सामन्याचा विषय निघाला की दोघांचं बिनसलंच म्हणून समजा. आत्याने मारलेलं शेवटचं शटल रेषेच्या आत पडलं, असं ती म्हणे. बाबा म्हणत, बाहेर. पंच होती टिकलीची आई. तिने 'बाहेर' म्हटलं आणि बाबा जिंकले. या गोष्टीला आता कित्येक वर्षं झाली होती.

पुरावा मात्र होता. आतोबांनी तेव्हा हौसेने इलेक्ट्रॉनिक कॅमेरा घेतला होता. त्यात रीळ नव्हतं; फोटो बिस्किटाएवढ्या फ्लॉपीवर उतरत आणि कॅमेरा टीव्हीला जोडून बघावे लागत. नेमका तोच क्षण त्यांनी टिपला होता. पण टीव्हीवर चित्र असं थरथरे की शटल कुठलं आणि भिंतीवरचा डाग कुठला, कळेना. ज्याला जे हवं ते दिसे.

टिकली छापखान्यात संगणकावर काम करू लागली, तेव्हा आत्याने तिला गाठलं. फोटो संगणकात आला की मोठा करून बघता येईल, एवढंच तिचं म्हणणं. पण ती चिमुकली फ्लॉपी संगणकाच्या खाचेत बसेना आणि बसली असती तरी वाचता आली नसती, कारण फोटो व्हिडिओ कॅसेटसारखा नोंदलेला होता. सुदैवाने छापखान्यात व्हिडिओचं चित्र पकडणारं कार्ड होतं. मालकांना गळ घालून टिकलीने रविवारी सगळ्यांना कॅमेऱ्यासकट तिथे नेलं.

पहिल्या खेपेला फोटोतले सगळे पडद्यावर तिरपे आले, जणू वादळात सापडलेत. टिकलीने वायर बदलली. मग चित्र वरून खाली, ओळीओळीने उतरू लागलं: झाड, जाळी, बाबांचं कपाळ. शेवटी रेषेचा कोपरा आला. टिकलीने तो मोठा केला. शटल रेषेच्या वर वीतभर, अजून हवेतच होतं.

आत्याचं तोंड उतरलं. मग ती पडद्याच्या कडेला बघत राहिली.

"वहिनी, तू शटलकडे बघतच नव्हतीस."

खरंच, आई केस सावरत कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. आईने चष्मा पुसून फोटो निरखला आणि शांतपणे कबूल केलं.

"नव्हतेच बघत. उन्हाने जीव चालला होता माझा."

"मग बाहेरच का म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"आत म्हटलं असतं तर बरोबरी झाली असती. तुम्ही दोघं संध्याकाळपर्यंत खेळत बसला असता."

आधी हसले ते बाबा, जिंकलेला सामना हातचा गेलेला असूनही. मग आत्यालाही आवरेना. टिकली यंत्र बंद करायला वळली, तेव्हा आईने तिचा हात धरला.

"थांब गं. मी दिसते तेवढाच भाग मोठा छापून दे. बरी आलेय."