निळ्याची चावी

संगणकाच्या पडद्यावर ते बाळ गुटगुटीत दिसायचं आणि छापून आलं की आजारी. एका खेपेला निळसर, दुसऱ्या खेपेला पिवळट. साबणाच्या खोक्यावरच्या बाळाने आजारी पडून चालत नाही. साबण कंपनीने छापखान्याला सरळ कळवलं होतं, या खेपेला बाळ बरं झालं नाही तर काम दुसरीकडे जाईल. आणि काम गेलं तर चित्रविभाग बंद, हे मालकीणबाईंनी ठरवून टाकलं होतं. चित्रविभाग म्हणजे एक टेबल, एक पडदा आणि भाऊजी.

त्यामुळे खाली छपाईच्या मशीनवर मामांचा जीव टांगणीला लागला होता. भाऊजी म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीचे यजमान. मामा एकटेच, दुपारचा डबा ताईकडूनच यायचा, भाऊजींच्या डब्याला जोडून.

रोगाचं मूळ मामांना ठाऊक होतं. भाऊजींचे डोळे. बरेच दिवस वरून येणारं प्रत्येक चित्र गरजेपेक्षा निळं येत होतं. पहिल्यांदा मामांनी मशीनवरची निळ्या शाईची चावी जराशी आवळून निळा कमी केला, काम निभावून नेलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. घरच्या माणसाचे डोळे अधू झाले हे चारचौघांत कोण सांगणार? पुढच्या खेपेला निळा आणखी वाढला. मामांनी चावी आणखी आवळली. असं करता करता निळ्या शाईचा डबा संपेनासा झाला, आणि मामा उतारवयात काटकसरी झाल्याची छापखान्यात वाहवा झाली.

सांगितलं ते फक्त ताईला. "त्यांना बोलू नकोस, पण भाऊजींना आता रंग दिसत नाहीत." ताई नुसती "बरं" म्हणाली, आणि डब्यात गाजर सुरू झालं. कधी उकडलेलं, कधी किसलेलं, कधी नुसतंच. मामांनीही ते मुकाट खाल्लं. एका घरचा स्वयंपाक, एकाला वेगळं कुठे करत बसणार.

मग मालकीणबाईंनी एक यंत्र आणलं. लहानपणी त्या याच छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्यांवर खेळल्या होत्या, म्हणून अजूनही भाऊजींना काका आणि मामांना मामाच म्हणत.

"काका, हे पडद्यावर लटकवायचं. रंग ते मोजतं आणि पडदा दुरुस्त करतं."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही. बघत बसायचं."

"ते तर मी पगार घेऊन रोजच करतो."

खिडकी झाकली, दिवे घालवले. डॉक्टरने छातीला नळी लावावी तसं ते यंत्र पडद्याला चिकटलं, आणि त्याच्याखालून लाल, हिरवा, निळा, राखाडी असे रंग एकेक करून तपासून घेऊ लागले. मामा हात पुसत दारात उभे होते. हे यंत्र चुकीच्या जागी लावलंय, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

निदान झालं. पडदा पिवळा पडला होता. मालकीणबाईंनी आधीचा पांढरा आणि आताचा पांढरा आळीपाळीने दाखवला. आधीचा पांढरा म्हणजे चहा सांडलेली बशी.

"अरेच्चा!" भाऊजी म्हणाले. "आणि मी यालाच पांढरा म्हणत होतो?"

त्यांनी बाळ उघडलं. दुरुस्त पडद्यावर ते थंडीने काकडल्यासारखं निळं दिसत होतं. भाऊजींचे कान लाल झाले. त्यांनी निळा उतरवत उतरवत बाळाला गुलाबी केलं. मग त्यांचा हात पुन्हा निळ्याकडे वळला.

"काका, छान झालंय. हात काढा आता."

भाऊजींनी हात काढला आणि मामांकडे असं काही कळवळून पाहिलं, की मामांना त्याचा अर्थच लागेना.

चित्र खाली मशीनवर आलं. मामांनी विचार केला, पडदा सुधारला हे ठीक, डोळे तर तेच आहेत. त्यांनी चावी नेहमीइतकीच आवळली, आणि आज परीक्षा आहे म्हणून वर थोडी अधिक.

बाळाला कावीळ झाली.

मालकीणबाईंनी कागद उजेडात धरला. "पडदा बरोबर आहे, हे यंत्र सांगतंय. मग चुकतंय कोण?" आणि त्या भाऊजींकडे बघू लागल्या.

भाऊजींनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला. "माझंच चुकलं असेल," ते म्हणाले. "डोळे काही पूर्वीसारखे राहिले नाहीत. मामांना काही बोलू नका."

मामांना काही राहवेना. "थांबा. चावी मी आवळलीय."

"का?"

"भाऊजी निळा जास्त देतात म्हणून. बरेच दिवस आवळतोय."

भाऊजींनी चष्मा घाईघाईने डोळ्यांवर चढवला. "तू आवळत होतास? अरे, आणि मी वाढवत होतो!"

"तुम्ही मुद्दाम वाढवत होता?"

"मग काय! मी देतो त्यातला अर्धा निळा तुझ्या छपाईत गायब. म्हटलं मेहुण्याला निळा दिसेनासा झाला. बोललो तर बिचाऱ्याच्या हातचं मशीन जाईल."

मालकीणबाई लहानपणीसारख्याच कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या. "म्हणजे पडदा नुसता पिवळट होता. बाकीचं सगळं तुम्ही दोघांनी केलंत."

"एकमेकांच्या काळजीपोटी," भाऊजी म्हणाले.

"काळजीपोटी साबण चालला होता, काका."

चावी मूळच्या खुणेवर आली. दोघांना हात मागे बांधून भिंतीशी उभं करण्यात आलं. मशीन फिरलं, कागद बाहेर पडला. बाळ गुलाबी होतं आणि हसत होतं, बहुधा भिंतीकडे बघून. मालकीणबाईंनी दोनदा बघितलं, कागद गुंडाळून कंपनीकडे पाठवला, आणि जाता जाता म्हणाल्या, "काका, त्या टेबलाला खुर्ची चांगली आणायला हवी." मामांनी कितीतरी दिवसांनी पूर्ण श्वास घेतला.

जेवायला दोघं शेजारी बसले. डबे उघडले. दोन्हींत गाजर.

"हे खरं तर तुझ्यासाठी असतं," भाऊजी म्हणाले. "मीच तिला सांगितलं होतं, भावाचे डोळे सांभाळ म्हणून."

मामांचा घास हातातच राहिला. "मी तिला तुमचे सांगितले होते."

मामांनी घास परत डब्यात ठेवला.

"मग आता सांगून टाकू? दोघांचेही डोळे ठणठणीत आहेत म्हणून?"

"सांग. ती विचारेल, मग इतके दिवस दिसत काय नव्हतं?"

मामांनी डब्याचं झाकण परत लावायला घेतलं.

"खा," भाऊजी म्हणाले, आणि स्वतःच्या डब्यातला एक तुकडा उचलून, सवयीने, मामांच्या डब्यात टाकला.